व्हिडिओ बघताना सगळं समजतं पण कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही, प्रोग्रामिंग माझ्यासाठी नाही का?

परळची_अकाउंटंट:

नमस्कार. बरेच दिवस लिहावं की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी परळला राहते, बी.कॉम. झालंय, मशीद बंदरला एका ट्रेडिंग ऑफिसात अकाउंट्स बघते. दिवसभर टॅली आणि एक्सेल. ऑफिसातल्या एका मॅडमनी सांगितलं की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून घे, एवढं हाताने करत बसतेस ते आपोआप होईल आणि पुढे नोकरी पण चांगली मिळेल, म्हणून दादरला शनिवार-रविवारचा एक क्लास लावला. फी माझ्या पगारातून भरली, घरी कोणाकडे मागितली नाही. सुरुवातीला खूप आवडलं. प्रिंट, इनपुट, इफ-एल्स, लूप, लिस्ट, डिक्शनरी, सर शिकवतात तेव्हा सगळं डोक्यात शिरतं. घरी आल्यावर यूट्यूबवर तेच परत बघते तेव्हा पण शिरतं, पुढची ओळ काय येणार ते पण कधीकधी आधीच कळतं.

पण सर म्हणाले की आता हे स्वतः लिहून दाखवा, की मी तशीच बसून राहते. कर्सर ब्लिंक होतोय आणि मला पहिली ओळ काय लिहायची तेच कळत नाही. बाजूला इंजिनिअरिंगची मुलं असतात, ती पटापट टाइप करतात, त्यांचं होऊन ती मोबाइल बघत बसतात आणि माझी फाइल कोरी. एकदा मी लूपच्या (तेच काम परत परत करून घेणाऱ्या ओळी) आतल्या लूपबद्दल विचारलं तर सर म्हणाले "हे तर बेसिक आहे", वाईट हेतूने नसतील म्हणाले पण त्यानंतर मी काही विचारलंच नाही. मराठी माध्यमातून शिकलेय, एरर इंग्रजीत आला की अर्धं मन तिथेच खचतं.

आता मी स्वतःच एक काम हातात घेतलंय. आमच्याकडे जे छोटे सप्लायर आहेत त्यांची कोणाची बिलं ४५ दिवसांच्या वर गेलीत ते दर महिन्याला एक्सेलमध्ये हाताने शोधावं लागतं, छोट्या सप्लायरचे पैसे मुदतीत द्यायचा नियम आल्यापासून मार्च जवळ आला की सीए रोज फोन करतात. म्हटलं याचाच प्रोग्राम करू. टॅलीतून काढलेली शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकुराची फाइल) करून वाचायला घेतली, ओळी छापून पण आल्या, त्या दिवशी इतकं बरं वाटलं. मग पुढे तारखा वजा करायला गेले आणि लाल अक्षरांत एरर. चार ठिकाणी बदलून बघितलं, दर वेळी एररच. लॅपटॉप बंद केला तो परत उघडलेला नाही.

मला खरं खरं सांगा. काही लोकांचं डोकं याच्यासाठी नसतं असं असतं का? असेल तर मी वेळेत थांबते, पैसे गेले ते गेले. पण जर हे सगळ्यांना होतं तर त्यातून बाहेर कसं यायचं ते सांगा, कारण मला हे मनापासून शिकायचंय.


घाटकोपर_स्लो:

ताई हा इम्पोस्टर सिंड्रोम आहे, म्हणजे येत असूनही आपण लायक नाही असं वाटणं, सगळ्यांना असतो, मोठमोठ्या डेव्हलपरना पण असतो. टेन्शन घेऊ नका, लॅपटॉप उघडा आणि प्रॅक्टिस चालू ठेवा, होईल सगळं.


टेस्टर_कल्याण:

मी डिप्लोमा मेकॅनिकल, आता ऐरोलीला एका कंपनीत टेस्टिंगला आहे. माझं कामच हे की दुसऱ्यांनी लिहिलेला कोड कुठे फुटतो ते शोधायचं, त्यामुळे तुम्हाला एक गोष्ट अगदी खात्रीने सांगू शकतो, की दहा-बारा वर्षं अनुभव असलेल्या लोकांचा कोड रोज फुटतो. रोज म्हणजे रोज. रिलीजच्या आठवड्यात तर दिवसभर तेच चालू असतं. फरक एवढाच की ती माणसं एरर आला म्हणून स्वतःच्या डोक्यावर शंका घेत नाहीत, एरर वाचतात आणि कामाला लागतात. तुमच्या क्लासमधली मुलं पटापट टाइप करतात ते तुम्हाला दिसतं पण त्यातल्या कितीजणांचं पहिल्या फटक्यात चालतं ते तुम्हाला दिसत नाही.

तुम्ही लिहिलंय "लाल अक्षरांत एरर", पण एरर काय आला ते लिहिलंच नाहीत. बहुतेक नवीन लोक असंच करतात, लाल दिसलं की नजर तिथून पळते. तो एरर खालून वर वाचायचा. सगळ्यात शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते असतं, म्हणजे टाइपएरर, व्हॅल्यूएरर, कीएरर असं काहीतरी आणि पुढे एक वाक्य. त्याच्या वर फाइलचं नाव आणि ओळ नंबर असतो. बाकीचं सुरुवातीला सोडून दिलंत तरी चालेल. त्या वाक्यातले दोन-तीन शब्द अडले तर गुगल ट्रान्सलेटमध्ये टाका, काही वाटून घेऊ नका. आणि पायथन ३.१० किंवा पुढचं टाका मशीनवर, २०२१ मध्ये ते आलं तेव्हापासून एररची भाषा बरीच सोपी केलीय, कुठे कंस उघडा राहिला, कुठे कोलन विसरलात ते बऱ्याचदा सरळ सांगतं.

आता तो लॅपटॉप उघडा आणि शेवटची ओळ इथे जशीच्या तशी टाका. तुमचं डोकं याच्यासाठी आहे की नाही ते नंतर बघू, आधी त्या एररचं बघू.


डोंबिवलीची_ताई:

अगं, तुझं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी दोन मुलांनंतर बऱ्याच वर्षांनी परत कामाला लागले, तेही प्रोग्रामिंग नव्याने शिकून, वय चाळिशीला आलेलं. आता ठाण्याला एका कंपनीत रिपोर्टिंगच्या टीममध्ये आहे, पायथन आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) रोजचंच झालंय. तू जे लिहिलंयस ना, बघताना कळतं आणि करताना हात थांबतो, ते मला इतकं ओळखीचं आहे. आजीच्या हातात मोदकाच्या कळ्या पडताना बघितल्या की वाटतं यात काय आहे, आणि स्वतः पारी हातात घेतली की ती फाटते, तसंच आहे हे. बघणं आणि करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तू आत्तापर्यंत क्लासमध्ये बहुतेक पहिलीच केलीयस. दुसरीला वेळच मिळालेला नाही तर ती येणार कुठून?

आणि एक सांगू का, तू म्हणतेस फाइल कोरी, पण तू ऑफिसात एक्सेलमध्ये काय करतेस ते आठव. इफच्या आत इफ लिहितेस ना? व्हीलुकअप लावतेस, समइफ्स लावतेस? ते काय आहे मग? अट आहे, शोध आहे, बेरीज आहे. तुला ते "प्रोग्रामिंग" वाटत नाही कारण कोणी त्याला ते नाव दिलं नाही आणि बाजूला बसून कोणी तुझ्यापेक्षा पटापट करत नव्हतं. तुझ्या क्लासमधल्या त्या इंजिनिअरिंगच्या मुलांना चार वर्षं कॉलेजात सी आणि जावा शिकवलेलं असतं, ती दुसऱ्यांदा शिकतायत गं, तू पहिल्यांदा. त्यांच्याशी तुलना करून स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, मनापासून सांगते.

वेळेचं पण सांगते. रात्री दमून आल्यावर नवीन काही शिकायला जाऊ नकोस, ते जाणारच नाही डोक्यात आणि तू त्याचा अर्थ "मला येत नाही" असा काढशील. सकाळी अर्धा तास मिळाला तर तो घे. ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर मोबाइलवर जुना कोड नुसता वाच, गुगल कोलॅब म्हणून आहे, त्यात ब्राउझरमध्येच पायथन उघडतं. इंग्रजीचं म्हणशील तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल म्हणून प्रकल्प आहे, फुकट आहे, त्यात मराठीतले व्हिडिओ पण आहेत. मी सुरुवातीला ते लावून ऐकायचे, एकदा आपल्या भाषेत कल्पना बसली की इंग्रजी शब्द नुसते लेबल उरतात.


परळची_अकाउंटंट:

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, ताई तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

टेस्टर दादा, लॅपटॉप उघडला. शेवटची ओळ अशी आहे (मराठीत टाइप करते): टाइपएरर, अनसपोर्टेड ऑपरंड टाइप्स फॉर मायनस, एसटीआर अँड एसटीआर. वर ओळ नंबर आहे तो आजची तारीख वजा बिलाची तारीख करतेय त्याच ओळीचा. आजची तारीख मी हाताने टाकलीय, कोट्समध्ये. बिलाची सीएसव्हीतून येतेय. छापून बघितली तर दोन्ही तारखा बरोबर दिसतायत, मग वजा का होत नाहीत तेच कळत नाहीये.


टेस्टर_कल्याण:

बघा, तुम्ही स्वतःच अर्धं शोधलंत, "दिसतायत बरोबर पण वजा होत नाहीत" हेच तर त्या एररचं म्हणणं आहे.

एसटीआर म्हणजे स्ट्रिंग, नुसता मजकूर. सीएसव्हीतून जे जे येतं ते सगळं मजकूर म्हणूनच येतं, तारीख असो नाहीतर रक्कम. तुम्हाला आणि मला ०५/०४/२०२४ ही तारीख दिसते, पायथनला तिथे दहा अक्षरं दिसतात, आणि मजकुरातून मजकूर वजा करणं म्हणजे काय ते त्याला माहीत नाही, म्हणून तो थांबला. यात तुमच्या हुशारीचा संबंधच नाही, त्याला सांगावं लागतं की ही तारीख आहे.

सांगायचं कसं तर डेटटाइम नावाचं मॉड्यूल पायथनसोबतच येतं, त्यात एस-टी-आर-पी-टाइम म्हणून फंक्शन आहे. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, एक मजकूर आणि दुसरा साचा. तुमची तारीख दिवस-महिना-वर्ष अशी आहे तर साचा टक्का डी, तिरकी रेघ, टक्का एम, तिरकी रेघ, टक्का वाय. यातला वाय कॅपिटल, कारण वर्ष चार आकडी आहे, दोन आकडी असेल तर लहान वाय. हा साचा नीट द्यायचा, कारण ०५/०४ म्हणजे आपल्याकडे ५ एप्रिल आणि अमेरिकन पद्धतीत ४ मे, दोन्ही तारखा खऱ्या असल्याने उलटं दिलंत तर एरर येणार नाही आणि उत्तर गुपचूप चुकेल. दोन्ही तारखा अशा बदलून घेतल्या की वजाबाकी होईल, आणि जे उत्तर येईल त्याला डॉट डेज लावलं की दिवसांचा आकडा मिळेल. आजची तारीख हाताने टाकायची पण गरज नाही, डेटटाइमला विचारलीत की तो देतो.

ही टाइपची, म्हणजे माहितीच्या प्रकाराची, गडबड फार मोठ्या लोकांना पण महागात पडलीय. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात एका मिनिटाच्या आत फुटलं, कारण ६४ बिटचा एक आकडा १६ बिटच्या जागेत बसवायला गेले आणि तो बसला नाही. तो कोड एरियन ४ वर व्यवस्थित चाललेला होता. ती माणसं हुशार नव्हती असं कोणी म्हणेल का?


शिकवणारा_पार्ले:

मी बी.एस्सी. आयटीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवतो, बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

घाटकोपर_स्लो यांनी इम्पोस्टर सिंड्रोम म्हटलंय, हेतू चांगला आहे पण मला ते इथे लागू वाटत नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये हे मांडलं ते आधीच मोठं यश मिळवलेल्या बायकांबद्दल, की पदव्या आहेत, काम सिद्ध झालंय तरी आतून वाटतं आपण फसवतोय. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला कोरी फाइल भरता येत नाही ही भावना नाही, ती आत्ताची वस्तुस्थिती आहे, आणि ती मान्य केली की उपाय करता येतो. त्यावरून पुढे "माझं डोकंच याच्यासाठी नाही" हे जे तुम्ही काढताय त्याला मात्र काही आधार नाही.

आणि "काहींचं डोकं याच्यासाठी नसतं का" हा प्रश्न संशोधकांनी खरोखर तपासलाय. २००६ च्या सुमारास लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांचा एक लेख खूप फिरला, त्यात असं म्हटलं होतं की एक छोटी चाचणी घेऊन कोणाला प्रोग्रामिंग येईल आणि कोणाला नाही ते आधीच सांगता येतं. जगभरच्या शिक्षकांनी तो एकमेकांना पाठवला, कारण ज्यांना शिकवता येत नाही त्यांना तो फार सोयीचा होता. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी स्वतः तो दावा मागे घेतला. ही बातमी मात्र मूळ लेखाएवढी फिरली नाही, त्यामुळे "हे जन्मजात लागतं" हा समज अजून क्लासरूममध्ये बसलेला आहे.

दुसरं, तुम्ही एकट्या नाही. २००१ मध्ये मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत, प्रोग्रामिंगचा सुरुवातीचा कोर्स झालेल्या मुलांना कोऱ्या पानापासून एक प्रोग्राम लिहायला दिला. ११० पैकी सरासरी गुण आले २२.८९. शिक्षकच हादरले. हे सगळे कॉम्प्युटर सायन्स शिकणारे, ठरवून या विषयाला आलेले विद्यार्थी. मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि इतरांनी पुढचा प्रश्न विचारला, की यांना लिहिता येत नाही ते ठीक, पण दिलेला कोड वाचून तो काय करेल ते तरी सांगता येतं का? तर बऱ्याच जणांना तेही नीट जमत नव्हतं. म्हणजे अडचण लिहिण्याच्या आधीच होती. ओळ ओळखीची वाटणं वेगळं आणि ती चालल्यावर कुठल्या व्हेरिएबलमध्ये (माहिती ठेवायला नाव दिलेली जागा) काय बसेल ते सांगता येणं वेगळं, आणि व्हिडिओ बघताना आपल्याला पहिलंच होत असतं.

म्हणून माझ्या वर्गात मी आता कोरी फाइल खूप उशिरा देतो. आधी पाच-सहा ओळींचा कोड कागदावर देतो आणि म्हणतो कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, प्रत्येक फेरीला कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे त्याचा तक्ता करा. लूपच्या आतला लूप तुम्हाला अडलाय ना, तो असाच कळतो, दुसरा कुठला रस्ता मला तरी सापडलेला नाही. बाहेरचा लूप तीन वेळा आणि आतला दोन वेळा घ्या, सहा ओळींचा तक्ता होईल, पेन्सिलने भरा, मग पायथन ट्युटर नावाची फुकट वेबसाइट आहे तिथे तोच कोड टाकून एकेक पायरी पुढे नेत आपला तक्ता ताडून बघा. जिथे फरक पडेल तिथे तुमचा गैरसमज बसलेला असतो, नेमकी जागा सापडते. त्यानंतर मी चालणारा कोड देतो आणि त्यात एकच बदल करायला सांगतो, चालवायच्या आधी काय होईल ते लिहून ठेवायचं. त्यानंतर ओळी कापून चिठ्ठ्या करतो आणि त्या उलटसुलट करून क्रम लावायला देतो, ही पद्धत पार्सन्स आणि हेडन यांनी २००६ मध्ये मांडली, शब्द आठवायचा ताण राहत नाही आणि सगळं लक्ष क्रमाकडे जातं. आणि मग कोरी फाइल.

कोरी फाइल उघडली तरी पहिली ओळ कोडची नसावी. मराठीत लिहा, पुढे हॅश (#) टाकून, म्हणजे पायथन ती ओळ सोडून देतं. "फाइल उघड. प्रत्येक ओळीसाठी तारीख घे. आजच्यातून वजा कर. ४५ पेक्षा जास्त असेल तर नाव लिहून ठेव." हे तुम्हाला येतं, तुम्ही दर महिन्याला हाताने करता. मग एकेका वाक्याखाली कोड भरत जा. व्हेरिएबलची नावं पण देवनागरीत ठेवलीत तरी पायथन ३ घेतं, थकबाकी, तारीख, पार्टी, सगळं चालतं. पुढे टीममध्ये काम कराल तेव्हा इंग्रजी नावं द्यावी लागतील, ते तेव्हा बघा.

"हे तर बेसिक आहे" या वाक्याबद्दल. शिक्षकाने ते म्हणू नये. एखादी गोष्ट पायाची आहे म्हणून ती सोपी असते असं नाही, उलट पायाच्या गोष्टींनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. तुम्ही परत विचारा. पैसे भरलेत, तो तुमचा हक्क आहे.


मुलुंड_वेस्ट:

सगळे धीर देतायत ते बरोबरच आहे पण मी एक वेगळं बोलतो, राग मानू नका. मी भरती बघतो, फ्रेशरच्या मुलाखती घेतो. "पायथन शिकली की चांगली नोकरी" हे जे तुम्हाला सांगितलंय ते एवढं सरळ नाही. नुसत्या क्लासच्या सर्टिफिकेटवर कोणी बोलावत नाही. त्यामुळे आता या क्लासने पुढच्या लेव्हलचा कोर्स घ्या म्हणून अजून फी मागितली तर थांबा, भरू नका. जे फुकट आहे, वर ताईंनी आणि सरांनी सांगितलंय, ते तुमच्या आत्ताच्या पायरीला भरपूर आहे.

आणि थांबायचंच असेल तर थांबण्यात काही कमीपणा नाही हेही कोणीतरी सांगायला पाहिजे. फक्त कारण बरोबर असू दे. मला यात मजा येत नाही, मला वेळ नाही, माझ्या कामाला लागत नाही, ही कारणं झाली. माझ्यात बुद्धी नाही हे कारण नाही, कारण तुमचंच वाचून मला तसं वाटत नाही. स्वतःच्या कामातला खरा प्रश्न घेऊन त्याच्यामागे लागलेला माणूस माझ्यासमोर मुलाखतीला क्वचित येतो. बहुतेक जण क्लासने दिलेला तोच तो लायब्ररी मॅनेजमेंट प्रोजेक्ट दाखवतात.


परळची_अकाउंटंट:

मुलुंड वेस्ट, राग नाही आला, उलट बरं वाटलं. फीचं खरंच विचारत होते ते लोक.

एक भीती अजून आहे. ऑफिसातला एकजण म्हणाला की चॅटजीपीटीला सांगितलं तर तुझा हा प्रोग्राम दोन मिनिटांत लिहून देईल, तू कशाला डोकं फोडतेस. मी बघितलं, खरंच लिहून दिला. तेव्हापासून वाटतंय की मी जे एवढ्या कष्टाने शिकतेय त्याला काही किंमतच नाही.


लेजर_गिरगाव:

मी सीए आहे, प्रोग्रामर नाही, पण तुमच्या या शेवटच्या प्रश्नावर मला बोलायचंय कारण तो नियम माझ्या रोजच्या कामाचा आहे.

चॅटजीपीटीने लिहून दिलेल्या प्रोग्राममध्ये ४५ दिवस कुठल्या तारखेपासून मोजलेत ते बघितलंत का? बिलाच्या तारखेपासून मोजले असतील. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा २००६ चा आहे, त्यात दिवस मोजायचे ते माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून. बिल १ तारखेचं आणि माल ८ ला गोडाउनला आला असेल तर मोजणी बदलली. शिवाय ४५ ही वरची मर्यादा आहे, ती लेखी करार असेल तेव्हा. करारच नसेल तर १५ दिवस. आणि आयकर कायद्यात कलम ४३बी (एच) आलं, जे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं, ते मायक्रो आणि स्मॉल सप्लायरसाठी, मीडियमसाठी नाही. म्हणजे तुमच्या लिस्टमधल्या प्रत्येक पार्टीचा प्रकार काय, करार आहे का, माल कधी आला, हे धरूनच उत्तर बरोबर येणार.

हे सगळं त्या मशीनला कोणी सांगायचं? ज्याला अकाउंट्स कळतात त्याने. आणि त्याने जे लिहून दिलं त्यात हे खरंच आलंय का ते तपासायचं कोणी? त्याच माणसाने, पण त्याला कोड वाचता यायला हवा. तुम्ही नेमकं तेच शिकताय. माझ्याकडे आर्टिकलशिपला येणारी मुलं हुशार आहेत पण मशीनने दिलेला आकडा तसाच पुढे ढकलतात, आणि तो रिटर्नमध्ये गेला की सही माझी असते. त्यामुळे या शिकण्याला किंमत नाही असं कृपा करून म्हणू नका.

वापरायला माझी ना नाही. एरर समजावून सांग म्हणा, हा साचा काय आहे ते विचारा. आख्खा प्रोग्राम मात्र आत्ता त्याच्याकडून घेऊ नका, तुमचा तयार झाला की मग त्याचा शेजारी ठेवा आणि दोन्हींचं उत्तर एकच येतंय का ते बघा.


डोंबिवलीची_ताई:

लेजर साहेब, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. आमच्या टीममध्ये पण तेच, कोड लिहिणारे मिळतात, पण "हा आकडा एवढा असूच शकत नाही" असं म्हणणारा माणूस मिळत नाही. बाई गं, तुझ्याकडे ते आधीपासून आहे.


परळची_अकाउंटंट:

झालं!! म्हणजे पूर्ण नाही पण झालं. पार्ल्याच्या सरांनी सांगितलं तसं आधी मराठीत ओळी लिहिल्या आणि त्याखाली कोड भरला. तारखेचा साचा दिला, वजाबाकी झाली, नावं आली. माल आल्याची तारीख आमच्या शीटमध्ये वेगळ्या कॉलममध्ये असतेच, ती घेतली. गेल्या महिन्याची मी एक्सेलमध्ये हाताने केलेली लिस्ट शेजारी ठेवून एकेक नाव टिक केलं, सगळी जुळली. करार आणि १५ दिवसांचं अजून घातलं नाही, ते पुढच्या आठवड्यात.

या महिन्याची फाइल लावली तर मध्येच थांबला. व्हॅल्यूएरर, टाइम डेटा डज नॉट मॅच फॉरमॅट. या वेळी शेवटची ओळ आधी वाचली. त्यात रिकामे कोट्स दिसले म्हणून शीट उघडून बघितली, तर दोन ओळींत माल आल्याची तारीखच भरलेली नाहीये. गोडाउनवाल्यांनी दिलीच नसणार. आता या ओळी वगळायच्या का? वगळल्या तर प्रोग्राम चालेल.


टेस्टर_कल्याण:

एकदम बरोबर शोधलंत.

वगळू नका, निदान गुपचूप तरी नको. त्या दोन बिलांचेच ४५ दिवस उलटून गेले असतील तर लिस्ट स्वच्छ दिसेल आणि कोणाला कळणारही नाही. वर दुसरी एक रिकामी लिस्ट करा, तारीख कोरी असली की पार्टीचं नाव आणि बिल नंबर त्यात टाका आणि कंटिन्यू लिहून पुढच्या ओळीला जा. शेवटी आधी थकलेल्यांची लिस्ट छापा आणि खाली "तारीख नाही" म्हणून ही दुसरी. ती गोडाउनला पाठवता येईल.

पुढे रकमेची बेरीज कराल तेव्हा अजून एक अडेल म्हणून आत्ताच सांगतो. शीटमध्ये १,२५,००० असा स्वल्पविराम असेल तर त्याचा फ्लोट (दशांशाचा आकडा) करताना व्हॅल्यूएरर येईल, आधी रिप्लेस वापरून स्वल्पविराम काढून टाका. आणि पैशांचा हिशोब असल्यामुळे फ्लोटऐवजी डेसिमल मॉड्यूल वापरा, कारण फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं तर नुसतं ०.३ न येता शेपटाला ४ येऊन बसतो, आणि तुमच्या सीएंना तो चालणार नाही. अडलं तर शेवटची ओळ टाका इथे.